मेणबत्ती, तांब्याची नळी आणि पाव चमचा पाणी: घरच्या घरी जेट इंजिन

या इंजिनात झडप नाही, पंखा नाही, दट्ट्या नाही. हलणारा एकही भाग नाही. तांब्याची एकच नळी, मध्ये तीन वेढे दिलेली आणि दोन्ही तोंडांनी उघडी. वेढ्यांखाली छोटी मेणबत्ती लावायची आणि तोंडं पाण्यात बुडवायची. अर्ध्याएक मिनिटात नळी थरथरायला लागते, मागच्या पाण्यावर बारीक तरंग उठतात आणि ज्या डब्यावर हे सगळं बसवलंय तो डबा हळूच पुढे सरकतो. फटफट बोट, पुटपुट होडी, काहीही म्हणा. मी याला जेट इंजिनच म्हणतो, आणि ते गमतीने नाही.

जेट म्हणजे झोत. काहीतरी जोरात मागे फेकायचं आणि त्याच्या प्रतिक्रियेने स्वतः पुढे जायचं, एवढंच तत्त्व. विमानाचं इंजिन हवेचा झोत मागे टाकतं, आपलं पाण्याचा टाकेल. ब्रिटिश अभियंता फ्रँक व्हिटलचं टर्बोजेट, म्हणजे फिरत्या पात्यांचं जेट इंजिन, १२ एप्रिल १९३७ रोजी पहिल्यांदा चाललं आणि जर्मनीचं हाइन्केल १७८ हे जेट विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडालं. आपल्या होडीचं पेटंट मात्र त्याच्या कितीतरी आधीचं, १८९१ सालचं आहे. ते थॉमस पिओ यांनी इंग्लंडमध्ये घेतलं होतं. नात्याने पाहिलं तर ही होडी टर्बोजेटपेक्षा पल्सजेटला जास्त जवळची. दुसऱ्या महायुद्धातल्या व्ही-१ या उडत्या बॉम्बचं इंजिन याच जातीचं होतं. सलग झोत नाही, सेकंदाला चाळीस-पन्नास धक्के. म्हणून तर त्याचा तो कुप्रसिद्ध घरघराट.

मग खरं हवेचं जेट का नाही बनवायचं? टर्बाइन घरी बनवणं म्हणजे लाल तापलेल्या पात्यांना मिनिटाला हजारो फेरे फिरवणं. एक पातं तुटलं तर ते गोळीसारखं सुटतं. दुसरा पर्याय काचेच्या बरणीचा. झाकणाला भोक पाडायचं, आत थोडं मिथेनॉल घालून पेटवायचं, की बरणी त्या एकाच भोकातून आग बाहेर टाकते आणि हवा आत ओढते. दिसायला विलक्षण. पण मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, त्याची वाफ विषारी असते आणि जाड काच एका बाजूने तापली की तडकते. जळतं इंधन आणि फुटकी काच मला एकाच टेबलावर नको आहेत. आतबाहेर श्वास घेणारी तीच गंमत पाण्यात सुरक्षितपणे मिळते.

सामान

मुख्य वस्तू म्हणजे तांब्याची बारीक नळी, बाहेरून ३ मिलिमीटर जाड आणि आतून २ मिलिमीटर पोकळ, ४० सेंटिमीटर लांब. फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे एक अष्टमांश इंचाची नळी असते, तीही चालते. फ्रिजमधली केसासारखी कॅपिलरी मात्र घेऊ नका. तिच्यातून पाणी झटकन आतबाहेर करू शकत नाही.

होडीसाठी अॅल्युमिनियम फॉइलचा, जेवण बांधून देतात तसला आयताकृती डबा घ्या, साधारण १८ सेंटिमीटर लांबीचा. थर्मोकोल हलकं असतं, पण ज्योतीशेजारी ते वितळतं आणि पेटतंही. डब्याशिवाय पत्र्याच्या वाटीतली बसकी मेणबत्ती, आइस्क्रीमच्या दोन काड्या, थोडी बारीक तार, बारीक मीठ, पॉलिश पेपर आणि बिनसुईची सिरिंज लागेल. हत्यारांत पक्कड आणि कानस.

नळी कापताना कात्री किंवा कटर लावला तर तोंड चपटं होतं आणि मग सगळंच फसतं. कानशीच्या कडेने नळीभोवती गोल खाच पाडा आणि हलक्या हाताने मोडा. तोंडाची धार पॉलिश पेपरने घासा आणि आतला बुरा टाचणीने काढा.

वेढे

इथे घाई करू नका. माझी पहिली नळी पेनावर गुंडाळताना पहिल्याच वेढ्यात चिमटली. बाहेरून जरा दबल्यासारखी दिसत होती, ‘चालेल’ म्हणून पुढे गेलो. चाललं नाही. दोन मिलिमीटरच्या पोकळीत एक चिमटा पडला की उरतं ते सुईचं भोक.

दोन गोष्टी केल्या की हे टळतं. पहिली म्हणजे तांबं मऊ करणं. नळीचा मधला १५ सेंटिमीटरचा भाग पकडीत धरून गॅसच्या ज्योतीवर फिरवा. अंधाऱ्या कोपऱ्यात जेमतेम लालसर दिसेल इतकंच तापवा आणि पाण्यात बुडवा. पोलाद असं बुडवलं की कडक होतं, तांबं मऊच राहतं. मघाशी ताठ असलेली नळी आता बोटांनी वाकते. मात्र तांबं वाकवता वाकवता पुन्हा ताठरतं, म्हणून एकदा दिलेला वेढा उलगडून परत घालायचा नाही. उलगडावाच लागला तर आधी पुन्हा तापवा.

दुसरी गोष्ट मीठ. नळी आतून पूर्ण कोरडी झाल्यावर एक तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि दुसऱ्यातून बारीक, कोरडं मीठ भरा. भरताना नळी टेबलावर टकटक आपटत राहा, म्हणजे मीठ दाबून बसेल. मग दुसरं तोंडही बंद करा. आतून भरीव झालेली नळी वाकते, पण चेपत नाही. बारीक वाळूही चालते, पण वाळूचा एखादा कण अडकला तर तो निघता निघत नाही. मीठ पाण्यात विरघळून जातं.

आता १२ मिलिमीटर जाडीची गोल वस्तू घ्या, जाड मार्कर किंवा लाकडी दांडा. नळीचा मध्य त्यावर टेकवून दोन्ही बाजूंना सावकाश तीन वेढे द्या. वेढे एकमेकांना चिकटून असावेत. तीन वेढ्यांत साधारण १४ सेंटिमीटर नळी जाते आणि दोन्ही बाजूंना तेरा-तेरा सेंटिमीटरचे पाय उरतात. ते एकाच दिशेला, एकमेकांना समांतर करून घ्या.

मीठ काढायला नळी कोमट पाण्यात तासभर ठेवा आणि सिरिंजने पाणी ढकलत राहा. आधी जोर लावावा लागतो, मग एकदम मोकळी होते आणि दुसऱ्या तोंडातून बारीक धार सुटते. ही धार सरळ आणि अखंड हवी. थेंब थेंब पाणी आलं तर कुठेतरी मीठ आहे किंवा चिमटा आहे.

पायांची लांबी कमी करायचा मोह होतो, कारण आखूड पाय नीटस दिसतात. तो टाळा. वाफ तयार होते वेढ्यांत, पण तिचं पुन्हा पाणी व्हायला गार नळी लागते आणि ती मिळते पायांत. एकदा मी पाय सहा सेंटिमीटरचे केले. इंजिन सुरू झालं, आठ-दहा धक्के दिले आणि गप्प झालं, कारण सगळी नळीच तापली होती. ज्योत कशी मोठी करायची हे कुणालाही सुचतं. गार बाजू सांभाळायची असते हे इंजिन बंद पडल्यावर कळतं.

आत काय होतं

बसवण्याआधी हे समजून घेतलं तर पुढच्या मापांचं कारण कळेल. नळीत साधारण सव्वा मिलिलिटर पाणी मावतं, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाव भाग. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा व्यापते. म्हणजे सगळी नळी रिकामी करायला एका थेंबाचा साठावा हिस्सा उकळला तरी पुरतो. म्हणून एवढ्याशा मेणबत्तीवर भागतं.

वेढ्यांतलं थोडं पाणी फटकन वाफ होतं आणि पायांतल्या पाण्याला बाहेर ढकलतं. ते पाणी वेगात असल्याने गरजेपेक्षा जरा जास्तच बाहेर निघून जातं. मागोमाग वाफ गार पायांपर्यंत पसरते, तिथे तिचं पाणी होतं आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी पडतो. मग बाहेरचं पाणी आत धावतं, थेट गरम वेढ्यांपर्यंत, आणि पुन्हा फट. हे सेकंदाला अनेक वेळा चालतं.

इथे हुशार मुलं नेमका प्रश्न विचारतात. जेवढं पाणी बाहेर गेलं तेवढंच आत आलं, मग होडी पुढे-मागे डुलायला हवी, पुढे का जाते? उत्तरासाठी मेणबत्ती हातभर अंतरावर ठेवा आणि फुंकर मारा. विझते. आता तेवढ्याच अंतरावरून, तेवढ्याच जोराने हवा ओढून ती विझवून दाखवा. ज्योत हलणारसुद्धा नाही. फुंकलेली हवा एका दिशेने झोत होऊन जाते, ओढलेली हवा मात्र तोंडाभोवतीच्या सगळ्या बाजूंनी येते. नळीचंही तेच. बाहेर पडणारं पाणी सरळ मागे जातं. आत येणारं पाणी वरून, खालून, बाजूंनी गोळा होतं, आणि आत शिरल्यावर त्याला जो वेग मिळतो तो ते होडीच्या आतच थांबून होडीला परत देतं. हिशोबाअंती शिल्लक राहतो तो मागचा झोत.

आधी टेबलावर चाचणी

इंजिन थेट होडीत बसवू नका. विमानाचं इंजिनही आधी जमिनीवर बांधून चालवतात. वेढ्यांच्या शेजारी नळी लाकडी चिमट्यात धरा आणि चिमटा पुस्तकांच्या चळतीखाली दाबून ठेवा. पाय काचेच्या भांड्यातल्या पाण्यात सोडा. सिरिंज एका तोंडाला लावून, दुसऱ्या तोंडातून बुडबुडे येणं थांबेपर्यंत पाणी भरा. दोन्ही तोंडं बोटांनी दाबून पाण्यात न्या आणि पाण्याखालीच बोटं काढा.

मेणबत्ती लावा. वेढ्यांचा खालचा भाग ज्योतीच्या टोकाला लागावा, पिवळ्या भागात बुडू नये. बुडला तर तांब्यावर काजळी धरते आणि काजळीचा थर उष्णतेला अडवतो. आधी एक-दोन बुडबुडे सुटतील. मग क्षणभर काहीच नाही. मग नळीला बोट लावलं (पाण्याजवळच्या भागाला, वेढ्यांना नव्हे) तर मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर जाणवेल. या नळीच्या इंजिनाला फारसा आवाज नसतो. मोठ्याने फटफट करणाऱ्या होड्यांत वेढ्यांऐवजी पातळ पत्र्याची चपटी डबी असते आणि तिचा पत्रा आतबाहेर होताना वाजतो.

आता तोंडाजवळ खाण्याच्या रंगाचा एक थेंब सोडा. रंग आधी सगळीकडून तोंडाकडे खेचला जातो आणि लगेच बारीक भोवऱ्यांची माळ होऊन सरळ मागे निघतो. वरचं स्पष्टीकरण ज्याला पटलं नाही त्यालाही हे पाहून पटतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा होडी बनवायची राहूनच गेली, अख्खी संध्याकाळ रंगाचे थेंब सोडण्यात संपली.

होडीत बसवणं

नळीसाठी डब्याच्या तळाला भोक पाडू नका. ते पाणी धरायला लावण्यात निम्मा उत्साह संपतो. पाय डब्याच्या मागच्या काठावरूनच न्यायचे. काठाला दीड सेंटिमीटर खोल दोन खाचा करा आणि फॉइल वाकू नये म्हणून खाचांखाली आडवी काडी चिकटवा. पाय त्या खाचांत बसवून तारेने काडीला बांधा. बाहेर आल्यावर पाय खाली वाकवा आणि शेवटचा एक-दीड सेंटिमीटर मागच्या दिशेला आडवा करा. मऊ केलेला भाग संपला असेल तर वाकवण्याआधी तेवढीच जागा पुन्हा तापवून घ्या.

तोंडं किती खाली हवीत? नळीचं वजन १४-१५ ग्रॅम, मेणबत्ती तेवढीच, डबा हलका. सगळं मिळून चाळीसएक ग्रॅम. एवढ्या वजनाने हा सपाट डबा जेमतेम ३-४ मिलिमीटर बुडतो. म्हणून तोंडं डब्याच्या तळापेक्षा निदान एक सेंटिमीटर खाली न्या, नाहीतर पहिल्याच हेलकाव्याला ती उघडी पडतील आणि नळी हवा ओढेल. याचा अर्थ ही होडी टेबलावर ठेवली तर नळीच्या टोकांवर उभी राहते. ती वाकू नयेत म्हणून दोन पुस्तकांमध्ये टांगून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचा आहे उतार. वेढे सगळ्यात वर आणि तिथून तोंडापर्यंत नळी सतत खाली उतरत गेली पाहिजे. मध्ये कुठे उंचवटा आला तर तिथे हवेचा बुडबुडा अडकतो आणि पाण्याऐवजी तोच दबत-फुगत राहतो. खाचा खोल करायला सांगितलं ते यासाठीच.

नळीच्या वजनाने मागची बाजू खाली झुकते, त्यामुळे नाण्यांसारखं काही वजन पुढच्या टोकाला ठेवून डबा पातळीत आणा. मग मघासारखं पाणी भरा, बोटं दाबून होडी पाण्यात ठेवा, मेणबत्ती पेटवा आणि हात काढून घ्या. ढकलू नका. चाळीस ग्रॅमच्या होडीला स्वतःहून निघालेलं पाहण्यातच मजा आहे.

दोन्ही तोंडं समांतर नसली तर ती गोल फिरेल. गोल टबात ते बरंच पडतं. तोंडं मुद्दाम थोडी एका बाजूला वळवली तर काठाला न आदळता ती घिरट्या घालत राहते.

चालत नसेल तर

नुसते मोठे बुडबुडे येत असतील तर नळीत हवा आहे. मेणबत्ती विझवा, नळी गार होऊ द्या आणि पुन्हा भरा. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडून वेढ्यांत साठते, म्हणून भरायला उकळून गार केलेलं पाणी घेतलं तर इंजिन जास्त वेळ टिकतं. सुरू होऊन लगेच थांबत असेल तर पाय आखूड आहेत किंवा ज्योत पायांनाही चाटते आहे. मेणबत्ती थोडी पुढे सरकवा. काहीच होत नसेल तर ज्योत लांब असेल, नाहीतर चिमटा. महिनाभराने जोर कमी झाला तर आत क्षार धरले असतील. नळीत व्हिनेगर भरून रात्रभर ठेवा आणि धुऊन टाका.

नळीचं तोंड चिमटून बारीक केलं तर झोत जोरात जाईल असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटलं. पण त्याच तोंडातून पाणी आतही यायचं असतं. माझी होडी त्याने मंदावलीच.

एक गोष्ट कधीच करू नका

नळीचं कुठलंही तोंड बुचाने, डिंकाने, कशानेही बंद करून तापवू नका. दोन्ही तोंडं उघडी असतात म्हणूनच यात दाब साठत नाही. बंद नळी म्हणजे छोटा बॉयलर, आणि बॉयलर फुटतो. होडी चालू असताना पाण्यातून उचलू नका, तोंडांतून उकळते थेंब उडतात. विझवल्यावरही वेढे काही मिनिटं भाजतील इतके गरम असतात. लहान मुलांनी बनवायची असेल तर तापवणं आणि पेटवणं मोठ्यांकडे ठेवा.

नळी कोरडी पडली आणि मेणबत्ती जळत राहिली तर काय, असंही विचारतात. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, मेणबत्तीवर ते तेवढं तापत नाही. डाग देऊन (सोल्डरने) जोडलेल्या डबीचं मात्र तसं नाही. मऊ डागाचा कथील-शिसं मिश्रधातू दोनशे अंशांच्या आसपासच सुटतो. विनाजोड नळीवर माझा जीव आहे तो यामुळेच. चुकून कोरडी तापली तर गार होऊ द्या, काजळी पुसा, पाणी भरा, ती पुन्हा गुरगुरायला लागते.

एवढं जमलं की पुढे दोन नळ्या शेजारी शेजारी लावून पाहा, दोघींना वेगवेगळी मेणबत्ती. दोन्ही एकाच तालात चालत नाहीत, त्यामुळे होडी किंचित डावी-उजवी करत जाते. एक मेणबत्ती विझवली की ती त्याच बाजूला वळते. सुकाणू न लावता होडी वळवायचा हा प्रकार मला अपघातानेच सापडला, वाऱ्याची झुळूक आली आणि एक ज्योत विझली तेव्हा.